अंगाला लागून काय घालायचं? उन्हातलं आणि थंडीतलं काम (परभणी)

सौरपंप_परभणी
नमस्कार मंडळी. शेतात सौर पंप बसवायचं काम करतो. मी आणि तीन पोरं. स्ट्रक्चर उभं करणं, पॅनेल चढवणं, केबल ओढणं, मोटर विहिरीत सोडणं, सगळं उघड्यावर. सध्या डिसेंबर चालू आहे. सकाळी सहाला टेम्पोत मागं बसलं की दात वाजतात आणि दुपारी एकला त्याच माळावर शर्ट काढून फेकावा वाटतो. मधे घरी येणं होत नाही, साईट चाळीस-पन्नास किलोमीटरवर असते. मे महिन्याचं तर विचारूच नका, पॅनेलची चौकट हाताला चटका देते.

प्रश्न फक्त आतल्या कपड्याचा आहे. वरचा पूर्ण बाह्यांचा शर्ट ठरलेला आहे. दोन पोरं म्हणतात ड्राय-फिट घ्या, ते पॉलिस्टरचं असतं, घाम धरत नाही. तिसऱ्याचा बाप म्हणतो सुती बनियनशिवाय दुसरं काही अंगाला लावू नको. सगळ्यांसाठी एकदमच घ्यायचंय, दुकानदार भाव कमी करायला तयार आहे. वापरून बघितलेल्यांनी सांगा. जाहिरातीतलं आम्हालाही वाचता येतं.

बांधावरून (जिंतूर)
भौ, त्या पोराचा बाप खरं बोलायलाय, पण उन्हाळ्यापुरतं. आमचा म्हातारा चव्वेचाळीस डिग्रीत मांजरपाटाची बंडी, वर सैल सदरा, धोतर अन् डोक्याला पटका, अशा अवतारात दिवसभर औतामागं राहायचा. आम्ही हाफ टी-शर्टवर जायचो अन् दोन वाजता लिंबाखाली आडवं व्हायचो.

हिवाळ्यात मात्र पायाला सुताचं काही खरं नाही. रब्बीत लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळीत गव्हाला दारं धरायला गेलं की पोटऱ्यापर्यंत चिखल-पाणी, वरून दव. सुती पँट एकदा भिजली की सकाळपर्यंत वाळत नाही. मी खाली साधी पॉलिस्टरची ट्रॅक पँट घालतो अन् गमबूट. भिजली तरी चार फेऱ्या मारल्या की वाळती. वर सुती बनियन, त्यावर जुना लोकरी स्वेटर, अन् बांधावर टेकलं की घोंगडं. घोंगडं दवानं ओलं झालं तरी ऊब सोडत नाही.

शेकोटीजवळ बसताना ट्रॅक पँटवाल्यांनी जरा लांब बसावं. ठिणगी उडाली की पँटीला भोक अन् खाली कातड्याला फोड.

पायवाट (संभाजीनगर)
डोंगर चढणाऱ्यांमध्ये पहिला धडा हाच असतो की अंगाला सूत नको. घाम शोषून घेतं, ओलं राहतं, वारा लागला की हुडहुडी भरते. हिमालयात ओला सुती टी-शर्ट जिवावर बेततो. तुम्ही मरिनो मेंढीच्या मऊ लोकरीचा बेस लेयर, म्हणजे अंगाला लागून घालायचा थर, बघा. उन्हातही चालतो, थंडीतही चालतो, चार दिवस न धुता वापरला तरी वास मारत नाही. महाग आहे, पण एकदाच घ्यायचा.

बांधावरून (जिंतूर)
एकदाच म्हणजे केवढ्याला?

पायवाट (संभाजीनगर)
चांगल्या कंपनीचा चार-पाच हजारांच्या पुढं.

बांधावरून (जिंतूर)
तेवढ्यात आमच्याकडं शेळी येती की हो. लहान असंल, पण येती.

धागेदोरे (नांदेड)
कापड गिरणीत आणि नंतर होजिअरीच्या धंद्यात बरीच वर्षं गेली, म्हणून जरा लांब लिहितो. कंटाळा आला तर सोडून द्या.

घाम अंगावर वाळला तरच गारवा देतो. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच घाम खाली ठिबकला किंवा टॉवेलनं पुसला तर फुकट गेला. त्यामुळं ‘कपडा घाम धरतो का’ एवढंच विचारून भागत नाही. घाम कुठं वाळतो आणि किती वेगानं वाळतो, ते बघायचं.

आपल्याकडची एप्रिल-मेची दुपार कोरडी ठक्क. पातळ सुती बनियन भिजते आणि अंगाला लागूनच वाळत राहते, गारवा थेट कातडीला मिळतो. ड्राय-फिटचं सगळं कसब घाम पसरवून तो लवकर उडवण्यात असतं. मेमध्ये ते काम आपली हवाच करते, त्यासाठी वेगळे पैसे मोजण्यात अर्थ नाही. जुलै-ऑगस्टला पाऊस उघडून ऊन पडलं की चित्र पालटतं. हवाच ओली असते, घाम वाळायला जागा नाही. सुती बनियन वजनानं लोंबते, पाठीला चिकटते, काखेत घासते. तेव्हा पातळ ड्राय-फिट अंगाला सुटसुटीत राहतं, हे कबूल करावं लागेल.

आता डिसेंबर. नुसत्या हवेतला ओलावा धरण्याची ताकद बघितली तर सूत आपल्या कोरड्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के पाणी धरतं, लोकर सोळाच्या आसपास, पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. घामानं चिंब झालं तर सूत याच्या कितीतरी पट पाणी पितं. कापडाच्या विणीतली हवा ऊब राखते. तिच्या जागी पाणी भरलं की ऊब गेली, कारण पाणी हवेपेक्षा पंचवीसएक पट जास्त वेगानं उष्णता वाहून नेतं. दहा वाजता खड्डे खणून घाम काढलात आणि मग सावलीत वायरिंग करत बसलात, तर पाठ गार पडणार ती यामुळं.

पायवाट सरांचा नियम हिमालयासाठी शंभर टक्के बरोबर आहे. परभणीच्या माळावर तो तसाच लावता येत नाही. तिथं पहाटे दहा अंश असतात, पण दुपारी तीस होतात आणि टेम्पोत कोरडी बनियन ठेवता येते. तुमच्या कामाला मरिनोसुद्धा मला पटत नाही. कपडा उत्तम आहे, पण लोखंडी अँगलच्या धारेला एकदा अडकला की पाच हजार गेले.

घोंगड्याची लोकर अंगाला लावायचा विचार कोणी करत असेल तर आधीच सांगतो. मरिनोचा तंतू सतरा-एकोणीस मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो. आपल्या दख्खनी मेंढीचा बराच जाड, तिसाच्या पुढं. तिसाच्या पुढचा तंतू कातडीवर वाकत नाही, टोचतो. म्हणून घोंगडं बाहेरूनच बरं.

दुकानात गेल्यावर लेबल नंतर वाचा. आधी कापड उजेडासमोर धरा. उन्हाळ्याच्या बनियनमधून पलीकडची बोटं दिसली पाहिजेत. मग दुकानदाराकडून पाण्याचा थेंब मागा, लाजू नका. कापडाच्या आतल्या बाजूला थेंब टाका. पटकन पसरून मोठा डाग झाला तर ते खरोखर घाम पसरवणारं. मोत्यासारखा तसाच बसून राहिला तर आठवडी बाजारात ड्राय-फिट म्हणून विकतात ते साधं पॉलिस्टर. ते घालून उन्हात उभं राहिलात तर घाम आतल्या आत वाहतो. काही कपड्यांवर घाम पसरवायचं रसायन नुसतं वरून चढवलेलं असतं, ते धुण्यात हळूहळू निघून जातं. तेव्हा महिन्या-दोन महिन्यांनी घरी पुन्हा थेंब टाकून बघा. आणि धुताना कपडे मऊ करायचं ते सुगंधी द्रव घालू नका, त्याचा थर बसतो आणि घाम पसरायचा थांबतो.

सँडो बनियनबद्दल एक. काखेला कापडच नसल्यामुळं तिथला सगळा घाम वरच्या शर्टात जातो आणि शर्टाची काख मिठानं पांढरी पडून फाटते. बाहीची बनियन घ्या, जाळीच्या विणीची मिळाली तर उत्तम. जाळीमुळं शर्ट अंगाला चिकटत नाही, मधे हवा खेळते.

(नांदेडचा असल्यामुळं सुताची बाजू घेतो असं कोणी म्हणेल. आमच्याकडं राष्ट्रध्वजाची खादी होते, अभिमान आहेच. पण ३० डिसेंबर २०२१ ला ध्वजसंहिता बदलून पॉलिस्टरचाही झेंडा चालू झाला, तिथं बनियनचं काय घेऊन बसलात.)

सौरपंप_परभणी
धागेदोरे सर, फार उपयोगी. म्हणजे उन्हाळ्याला सुती, पावसाळ्याला ड्राय-फिट, आणि हिवाळ्याला पातळ ड्राय-फिट आत घालून वर स्वेटर, असं घेतलं तर चालेल ना? थंडीत घाम लवकर वाळेल.

डीपीजवळ (अंबाजोगाई)
थांबा. घेऊ नका अजून.

मी लाईनवर काम करणारा माणूस. आमच्याकडं विजेच्या कामावर आतून सुतीच, शंभर टक्के सुती, यावर तडजोड नाही. कारण सांगतो. पॉलिस्टर अडीचशे-दोनशे साठ अंशांच्या दरम्यान वितळतं, नायलॉनची एक जात त्याच्याही आधी. विजेचा आर्क, म्हणजे हवेतून उडणारा भडका, झाला तर तिथलं तापमान हजारो अंशांत जातं. वरचा शर्ट सुती असला तरी उष्णता आत पोचते आणि आतलं पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं. ते ओढून काढता येत नाही, दवाखान्यात कातडीसकट निघतं. सूतही जळतं, सूत काही वाचवणारं कवच आहे असं नाही. पण ते वितळून चिकटत नाही, फाडून फेकता येतं.

तुम्ही म्हणाल आमचं सोलर आहे, डीपीचा काय संबंध. उलट तुमचा डीसी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणारा करंट, जास्त खोडीचा. घरातला, दिशा बदलत राहणारा एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यातून जातो, त्यामुळं त्याचा आर्क विझायला संधी मिळते. डीसीला शून्यच नाही. ऊन असेपर्यंत पॅनेल करंट देतच राहणार आणि पंपाच्या पॅनेलची माळ काहीशे व्होल्टची असते. चालू लोडवर कोणी घाईत कनेक्टर ओढला की भडका तिथंच धरून राहतो. पोरं असं करतात, तुम्हालाही माहीत आहे.

तेव्हा स्ट्रक्चर आणि खड्ड्याचं काम करणाऱ्यानं ड्राय-फिट घातलं तर माझी हरकत नाही. कंट्रोलरला, म्हणजे पंप चालवणाऱ्या पेटीला, हात लावणाऱ्यानं नाही. थर्मल घेतानाही लेबल बघा, ऊबदार म्हणून विकतात त्यातली बरीच पॉलिस्टर मिसळलेली असतात.

सौरपंप_परभणी
हे दुकानदारानं सांगितलं नसतं. कनेक्शन मी आणि एक पोरगा करतो. आम्हा दोघांना सुतीच.

फडातली (धारूर)
मी सहसा वाचते फक्त, पण इथं सगळे पुरुषच बोलायलेत म्हणून लिहिते. लहानपणी आई-बापाबरोबर दिवाळीनंतर कारखान्याला जायचो, पुढं लग्नानंतरही काही हंगाम कोयता धरला. आता गावातच असते.

थंडीतल्या कामाचं म्हणाल तर फडासारखं काम नाही. पहाटे चारला उठून पाचच्या आत उसात शिरायचं. पाचटावर दव साचलेलं असतं, पहिली मोळी बांधेपर्यंत छातीपासून गुडघ्यापर्यंत ओलं. पण वाकून तोडायला लागलं की थोड्याच वेळात अंग तापतं अन् स्वेटर काढून बांधावर पडतो. म्हणजे बाहेरून दवानं ओलं, आतून घामानं ओलं. अन् मग गाडी भरायला थांबलं की कापरं भरतं.

सगळ्या बायका साडीवर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट घालतात, ते काय शोभेसाठी नाही. उसाच्या पानाच्या कडेनं हात चिरतात आणि पाचटाची कुसं टोचतात. ही कुसं विणलेल्या कपड्यात, स्वेटरात, त्या मऊ केसाळ जॅकेटात अशी घुसतात की धुऊनही निघत नाहीत, पुढचे आठ दिवस अंग खाजवत बसायचं. पॉपलीनचा किंवा जाड सुती शर्ट असला की झटकला तरी पडतात. म्हणून बाहेरून घट्ट विणीचं कापड अन् होजिअरी आत. आमच्यात हातमोज्याऐवजी जुन्या पायमोज्याचा पंजा कापून मनगटावर चढवतात, म्हणजे शर्टाची बाही अन् हात यांच्यातून कूस आत जात नाही.

अजून एक. वर लिहिलंय की टेम्पोत कोरडी बनियन ठेवा, म्हणजे ओली झाली की बदला. पुरुषमाणूस उसाच्या कडेला उभं राहून बदलतो. बाईनं कुठं बदलायची? कोपीपर्यंत, म्हणजे आमच्या झोपडीपर्यंत, जायचं तर मुकादम ओरडतो. त्यामुळं बाईसाठी आतलं काहीही घ्यायचं तर समोरून उघडणारं घ्या, डोक्यातून काढायचं थर्मल बिलकूल नको. मी बापाची सुती बंडी ब्लाउजवर घालायचे, वर शर्ट. घाम आला की शर्टाआडून बंडी काढून घ्यायची अन् पोलिथिनच्या पिशवीत ठेवलेली कोरडी घालायची. बंडीला खिसेही असतात, पैसे अन् तंबाखूची पुडी दोन्ही सांभाळतं. (तंबाखू माझी नाही.)

धागेदोरे (नांदेड)
ताई, धंद्यात इतकी वर्षं काढली, पण बाईमाणसाच्या कामासाठी समोरून उघडणारं आतलं वस्त्र कोणी होजिअरीत बनवताना बघितलं नाही. तिरुपूरपासून लुधियानापर्यंत सगळे डोक्यातूनच घालायचं बनवतात, कारण बटणपट्टीला शिलाई वाढते. बंडी शिंपीच शिवतो, आणि आता तो शिंपीही शोधावा लागतो.

बांधावरून (जिंतूर)
बोरीच्या बाजारात एक म्हातारे शिंपी अजून शिवतात. चार खिशांची.

लातूरचा_डॉक्टर
कपड्यांच्या चर्चेत थोडं औषध घुसवतो. माझ्याकडं पावसाळ्यात बाहेर काम करणारे जे तरुण येतात त्यांत नायट्याचे रुग्ण फार. जांघेत, काखेत, कमरेला पट्ट्याच्या ओळीत. घट्ट पॉलिस्टरची अंडरवेअर, त्यावर जीन्स, आणि दिवसभर ओलं. वर बनियन कुठलीही घाला, खाली आतला कपडा सैल आणि सुती ठेवा, जीन्स सोडा आणि दुपारी तो बदला. दोन-तीन जादा घेऊन ठेवायला फार पैसे लागत नाहीत.

आणि कृपा करून मेडिकलवाल्याला विचारून ‘तीन-चार औषधं एकत्र’ असलेली मलमं लावू नका. त्यांत स्टिरॉइड असतं. खाज चार दिवसांत थांबते, नायटा मात्र आत पसरत जातो आणि मग महिनोन्‌महिने जात नाही. घरात एकाला झाला की टॉवेल वेगळा करा.

थंडीचं एकच सांगतो. थंडीत तहान लागत नाही म्हणून लोक पाणी पीत नाहीत. खड्डे खणताना डिसेंबरातही घाम जातोच.

हळद_वसमत
आमच्याकडं फेब्रुवारी-मार्चात हळद शिजवायचा हंगाम. एका बाजूला ऊन, दुसऱ्या बाजूला कुकरची वाफ. एकानं ड्राय-फिट घालून वाफेजवळ दिवस काढला, संध्याकाळी अंगभर घामोळं. तेव्हापासून सगळे जुन्या सुती बनियनवर. नवी कुणी घालून येत नाही, कारण पहिल्याच दिवशी पिवळी होते आणि ती मरेपर्यंत पिवळीच राहते.

पायवाट (संभाजीनगर)
मान्य, मरिनोचं मागं घेतो. पण थंडीसाठी एक सुचवू का? स्वेटरपेक्षा बिनबाह्यांचं जाकीट बरं. छाती-पाठ गरम राहते, हात मोकळे राहतात, आणि काम सुरू झालं की काढायला सोपं. आणि कानटोपी. टेम्पोतल्या वाऱ्यात कानाला आणि गळ्याला थंडी फार लागते. हिवाळ्यात तिबेटी लोकांचे स्टॉल लागतात तिथं दोन्ही मिळतं, जरा घासाघीस करा. मात्र अंग तापायच्या आधी काढा. घाम फुटल्यावर काढून उपयोग नाही, आतलं तोवर भिजलेलं असतं.

डीपीजवळ (अंबाजोगाई)
हे शेवटचं वाक्य पोरांना पाठ करायला लावा. आमची पोरं जाकीट चढवून पोलवर चढतात आणि खाली उतरून थंडी वाजते म्हणतात.

सौरपंप_परभणी
(एप्रिल) धागा वर काढतोय. ऊन वाढलंय. बाहीच्या जाळीच्या सुती बनियन घेतल्या आहेत, प्रत्येकाला तीन. हिवाळा नीट गेला. आता प्रश्न वरच्या शर्टाचा. तो गडद निळा आहे. पोरांचं म्हणणं पांढरा पाहिजे, निळा ऊन ओढतो. शिवाय अंगाला घट्ट बसतो तो वेगळाच.

धागेदोरे (नांदेड)
रंगापेक्षा घट्टपणा जास्त त्रास देतो. १९८० साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत एक अभ्यास आला होता, वाळवंटातले बेदुईन लोक काळे झगे का घालतात यावर. काळा झगा ऊन जास्त ओढतो हे खरंच निघालं, पण झगा इतका सैल असतो की ती जादा उष्णता कापड आणि अंग यांच्यामधल्या हवेबरोबर निघून जाते, कातडीपर्यंत पोचत नाही. काळ्यात आणि पांढऱ्यात अंगाला सारखीच उष्णता मिळत होती. घट्ट शर्टात ही मधली हवाच नाही, तिथं गडद रंग भाजणार. बांधावरून भाऊंच्या वडिलांचा सदरा-धोतर हे याच हिशोबातलं. कातडीचं तापमान पस्तीस अंशांच्या आसपास असतं. बाहेर चव्वेचाळीस असताना उघडं अंग नुसत्या हवेनं गार होत नाही, हवा आणि ऊन दोन्हीकडून तापतं.

दोन नंबर मोठे शर्ट मागवा, सुती. बाह्या दुमडू नका. बनियन दुपारी ओली करून घातली तरी चालेल, मेमध्ये अर्ध्या तासात वाळते.

लातूरचा_डॉक्टर
ओली बनियन, ओला रुमाल मानेवर, दोन्ही चालेल. बारा ते चार चढायचं काम टाळता आलं तर टाळा. कोणी चक्कर येऊन बसला तर सावली, पाणी, ओआरएस. पण कोणी असंबद्ध बोलायला लागला, चालताना तोल जायला लागला, तर त्याचा घाम सुरू आहे की थांबलाय हे तपासत बसू नका. शर्ट काढा, अंगभर पाणी ओता, वारा घाला आणि तसंच ओतत ओतत दवाखान्यात न्या. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका.

फडातली (धारूर)
फवारणीवाल्यांसाठी पण कोणीतरी लिहा. सुती कपडा घाम पितो तसा औषधही पितो. २०१७ ला यवतमाळकडं फवारणीत माणसं गेली. आमच्याकडं अजून पाठीवर पंप गळत असतो अन् गडी दिवसभर तीच ओली बनियन अंगावर ठेवतो. औषध सांडलं की लगेच काढायची, अंग साबणानं धुवायचं. अन् ते कपडे घरच्या धुण्यात टाकायचे नाहीत, लेकरांच्या कपड्यांत तर मुळीच नाही.

बांधावरून (जिंतूर)
ताई, आजच सांगतो आमच्या गड्याला.

सौरपंप_परभणी
शर्ट मोठे सांगितलेत, पुढच्या आठवड्यात येतील. तिघं सुतीवर आलेत. चौथा मात्र ऐकत नाही, त्याच्या क्रिकेट टीमचा ड्राय-फिट आहे, पाठीवर नाव छापलेला. म्हणतो अंगावरून उतरवणार नाही.

डीपीजवळ (अंबाजोगाई)
मग त्याला खड्ड्यावरच ठेवा. कंट्रोलरचं झाकण उघडायच्या आत वीस पावलं लांब.